मायं झालं, भरा तुमी

"शाल असंन तर वापस घेऊन जा, नत्थुभाऊ. ठेवाले जागा नाई राह्यली."

नत्थुजी दारातच थबकला. त्याच्या हातात कापडी पिशवी होती आणि ती बिल्कीसने लांबूनच हेरली होती.

"शाल नाई, भाभी. कैऱ्या हायेत. आमच्या नांदगावच्या झाडाच्या."

"मंग या. बसा कूलरसमोर."

शालींवर ती उगाच चिडली नव्हती. मे महिन्यात अमरावतीतला माणूस अंगातली बनियनसुद्धा काढून खुंटीला लावतो, आणि हिच्या वलगाव रोडवरच्या दोन खोल्यांत वर्षभरात शालींची चळत लागली होती. नवरा गेल्यापासून जो उठे तो तिला मंचावर बोलवी, खांद्यावर शाल टाकी, हातात नारळ देई. मागे गयासुद्दीनचा फोटो असे. ओळखपत्रावरचा तेवढा फोटो फुगवून फुगवून इतका मोठा केलेला, की तो कोणाचा आहे हे खाली नाव वाचल्यावरच कळे. वक्ते त्याला जलदूत म्हणत, कोणी शहीदही म्हणत. नारळांचं एक बरं होतं, ईदच्या शिरखुर्म्याला खोबरं विकत आणावं लागलं नाही. पण शालींचं काय करायचं माणसाने वऱ्हाडात?

खरं म्हणजे गयासुद्दीन हापशी दुरुस्त करणारा मिस्तरी होता. अमरावतीतल्या एका लहानशा सेवा संस्थेत तो कामाला होता. उन्हाळा लागला, मेळघाटातल्या कोरकू गावांत पाण्याची बोंब सुरू झाली, की संस्थेची जीप निघे. नत्थुजी जीप चालवी आणि गयासुद्दीन मागे पान्यांची पेटी, साखळी नि ग्रीसचा डबा घेऊन बसे. हापशी खोलायची, जमिनीतून पाइप ओढून काढायचे, वॉशर बदलायचे, पुन्हा सगळं खाली सोडायचं. उभी हयात त्याने हेच केलं. घरी आला की अंगाला ग्रीसचा वास, आणि बिल्कीस म्हणे, "आधी मोरीत जा, मंग सलाम घ्या."

मागच्या मे महिन्यात धारणीच्या पलीकडे मोहढाणा नावाच्या गावात त्याने अशीच एक हापशी खोलली. सकाळपासून दुपारपर्यंत पाइप ओढले. नत्थुजी तेव्हा एक फुटका पाइप बदलून आणायला जीप घेऊन धारणीला गेला होता. तो आला, पाइप जोडला, आणि लगेच शेजारच्या गावात औषधं पोचवायला गेला. इकडे हापशीला पाणी आलं. गयासुद्दीन बायांना म्हणाला, पाच मिनिटं पडतो, आणि मोहाच्या झाडाखाली दुपट्टा पसरून पडला. तो उठलाच नाही. धारणीचे डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं, अंगात पाणीच शिल्लक नव्हतं.

बिल्कीस अकोल्याची. ज्या गावाचं ऊन सगळ्या मुलखात बदनाम आहे त्या उन्हात ती वाढली. ऊन काय करतं ते तिला कोणी शिकवायला नको होतं. पण वाहत्या हापशीजवळ माणूस पाण्यावाचून मरतो, हे तिच्या डोक्यात काही केल्या शिरत नव्हतं. येईल त्याला ती विचारी. लोक मान हलवत, "नशीब" म्हणत आणि शाल टाकून निघून जात.

म्हणजे अर्धं उत्तर तिला ठाऊक होतं. गयासुद्दीनच्या उस्तादाने त्याला एक रीत घालून दिली होती. हापशी चालू झाली की आधी गावाने भरायचं, मिस्तऱ्याने सगळ्यांच्या मागून प्यायचं. ज्याचं पाणी त्याने आधी प्यावं, म्हणे. यावरून तिने नवऱ्याशी कितीदा भांडण काढलं असेल. "उस्ताद तर तुमचा खाटल्यावर बसून मेला," ती म्हणे, "त्याले काय जाते सांगाले!" गयासुद्दीन नुसता हसे. ते ठीक. त्याची अक्कल त्याच्यापाशी. पण त्या गावात एवढ्या बाया होत्या. त्यांना डोळे नव्हते? एकीलाही वाटलं नाही, की या माणसाला विचारावं?

नत्थुजी कूलरसमोर बसला होता. पाण्याचा गिलास हातात धरून नुसता फिरवत होता.

"काय हाय ते बोलून टाका," बिल्कीस म्हणाली. "कैऱ्या द्याले कोणी एवढ्या उन्हात येत नाई."

"मोहढाण्याची हापशी बंद हाय, भाभी."

"बिघडली?"

"बिघडली कायले! गयासभाईच्या हातची ते. चालू करून पाह्यली मी, धो धो पाणी देते. पण गावात कोणी तिले हातच लावत नाई. त्या दिवसापासून. पावसाळ्यात नाल्याचं पाणी होतं, हिवाळा निघून गेला. आता बाया पुन्हा झिऱ्यावर जाऊन राह्यल्या. नाल्याच्या रेतीत खड्डा करतात अन् वाटीवाटीनं पाणी उपसतात. लेकरायले जुलाब लागले. एक लेकरू तर मरता मरता वाचलं."

"हात काहून नाई लावत?"

"त्यांचा भूमका, म्हणजे गावचा पुजारी, तो म्हणते, ज्यानं पाणी देल्लं तोच तहानेला गेला. त्याच्या घरचं कोणी पयले पिल्याबिगर हे पाणी आपलं नाई. मी सोता त्यांच्यासमोर पिलो, भाभी. पोट फुगेपर्यंत पिलो. बाया नुसत्या पाहत राह्यल्या. संस्थेच्या सायबानं भाषण देल्लं. काई नाई."

बिल्कीसला हसू आलं. ते काही चांगलं हसू नव्हतं.

"म्हणजे पुन्हा मंचावर चढाचं. शालीच्या जागी पाणी, एवढंच."

दानिश तेवढ्यात जेवायला घरी आला होता. तिचा मुलगा. कूलरच्या दुकानात कामाला होता, उन्हाळ्यात त्याला जेवायची फुरसत नसे. त्याने दारातून सगळं ऐकलं होतं.

"काई जाची गरज नाई, अम्मी," तो म्हणाला. या घरातली उर्दू आणि गल्लीतली वऱ्हाडी केव्हाच एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. "ज्या गावानं अब्बाले पाणी नाई इचारलं, त्या गावात आता तू पाणी पियाले जाशीन? एवढी सस्ती हाय का आपली इज्जत?"

नत्थुजीने मान खाली घातली. पोराचं काय चुकलं होतं?

बिल्कीसने कैऱ्यांची पिशवी बाजूला सारली. तिला कंटाळा आला होता. रडण्याचा कंटाळा, लोकांच्या येण्याचा कंटाळा, त्या फुगवलेल्या फोटोचा तर फारच. मग ती उठली आणि खुंटीवरची छागल काढली. जाड कापडाची ती पाण्याची पिशवी गयासुद्दीनच्या पान्यांच्या पेटीबरोबर रिकामीच परत आली होती. वर्षभर खुंटीला लटकून वाळून कडक झाली होती.

"मी जातो," ती म्हणाली.

"अम्मी!"

"पाणी पियाले नाई जाऊन राह्यली मी. इचाराले जातो. तोंडावर इचारतो एकेकीले. मंग पाहू."

दुसऱ्या दिवशी उजाडताच जीप निघाली. परतवाडा मागे पडलं, घाट लागला. सागाची पानं गळून गेली होती, सगळा डोंगर उघडा पडला होता. बिल्कीस पहिल्यांदाच या रस्त्याने चालली होती. तिचा नवरा अर्धं आयुष्य या वळणांवर हिंदकळत होता आणि तिला मात्र हरिसालच्या अलीकडेच ओकारी आली. नत्थुजीने जीप थांबवली, पाणी दिलं.

"गयासभाईले बी पयल्यांदा असंच झालं होतं," तो म्हणाला.

"मले नाई सांगतलं कधी."

"मलेच म्हणे, घरी नको सांगू."

"असे कितीक गोष्टी हायेत, नत्थुभाऊ, घरी न सांगितलेल्या?"

नत्थुजीने गाडी सुरू केली.

मोहढाण्यात पोचले तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. हापशी गावाच्या तोंडाशीच होती. तिचा दांडा दोरीने बांधून टाकला होता. जवळ मोहाचं मोठं झाड होतं आणि त्याच्याखालची जागा कोणीतरी शेणाने सारवून ठेवली होती. बिल्कीसने त्या सारवलेल्या जागेकडे एकदा पाहिलं आणि मान वळवली. पुन्हा पाहायची तिची छाती झाली नाही.

भूमका येऊन झाडाखाली बसला, बाया जमल्या. एकीच्याही हातात पाणी भरायचा गुंड नव्हता. म्हणजे यांनी गृहीतच धरलं होतं की ही पिणार नाही! एका अर्थाने बिल्कीसला ते बरं वाटलं. निदान इथे हारतुरे नव्हते, माईक नव्हता.

तिने बुरख्याची ओढणी मागे सारली. वर्षभर घोकलेला प्रश्न होता.

"मी गयास मिस्तऱ्याची घरवाली," ती म्हणाली. "मले एकच गोष्ट सांगा. त्या दिवशी तुमी सगळ्या अठीच होत्या. तो सकाईपासून उन्हात मरून राह्यला होता. तुमच्यातल्या एकीनं, एकीनं तरी त्याले इचारलं का, बाबा तू पाणी पिला का म्हणून?"

 एक म्हातारी दुसरीच्या कानात कोरकूत काहीतरी म्हणाली. मग मागून एक बाई पुढे आली. चाळिशीची असेल, अंगाने काटकुळी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. तिचं नाव जयवंता. नत्थुजी हळूच म्हणाला, "झिऱ्याच्या पाण्यानं हिचंच लेकरू आजारी पडलं होतं."

"मी इचारलं," जयवंता म्हणाली.

बिल्कीस तिच्याकडे पाहत राहिली.

"मायाच पयला नंबर होता, बाई. पयला गुंड गढूळ आला, तो सांडून देल्ला. मंग साफ पाणी आलं. मी तांब्या भरला अन् अठी आणला, या झाडाखाली. म्हतलं, मिस्तरी, पी. त्यानं तांब्या हातात नाई घेतला. म्हणे, मायं झालं, भरा तुमी. म्या म्हतलं, कवा पिला रे? तर हासला. म्हणे, मघाच पिलो, तू पाहत नव्हती. पाच मिनिटं पडतो म्हणे."

तिने पदराने तोंड पुसलं.

"मंग ते तांब्यातलं पाणी म्या मायाच गुंडात ओतलं, बाई. तेच घरी नेलं. तेच पिलो आमी."

मायं झालं, भरा तुमी.

बिल्कीस मटकन खाली बसली. त्या सारवलेल्या जागेवरच बसली, तिला भानही राहिलं नाही. हे वाक्य ती ओळखत होती. तिच्याइतकं हे वाक्य जगात कोणी ओळखत नव्हतं. लग्नानंतरची गोष्ट, तिच्या अकोल्याच्या बहिणी न सांगता येऊन थडकल्या होत्या. घरात मटण होतं तेवढं त्यांच्या ताटात गेलं. गयासुद्दीन कामावरून आला आणि दारातूनच म्हणाला, "मी जेवून आलो, तुमी जेवा." सगळ्या झोपायला गेल्यावर ती पाणी प्यायला उठली, तर हा चुलीपाशी बसून कोरड्या पोळीने रिकामं पातेलं पुसून खात होता. ती म्हणाली, "खोटं काहून बोलले?" तर हसला. दानिश झाला तेव्हा तेच, बकरी ईदला तेच, नव्या कपड्यांचं तेच. माझं झालं. माझं आहे. मी घेतलं. जन्मभर ती त्याचं हे खोटं पकडत आली होती, आणि पकडणारी जवळ नव्हती तिथे त्याने ते शेवटचं बोलून घेतलं.

वर्षभर तिने या बायांवर राग धरला होता. तो आता कुठे ठेवायचा?

"खोटारडा!" ती मोठ्याने म्हणाली. "पक्का खोटारडा होता माया नवरा!" आणि हसता हसता तिला असं काही रडू फुटलं, की नत्थुजी हापशीकडे तोंड करून उभा राहिला. जयवंता तिच्याजवळ येऊन बसली, पण अंगाला हात लावायची तिला हिंमत झाली नाही. मग बिल्कीसनेच तिचा हात धरला. धरून उठली.

"सोडा ते दोरी, नत्थुभाऊ."

नत्थुजीने दोरी सोडली. दांडा करकरला. तो हापसायला पुढे झाला तशी बिल्कीस म्हणाली, "तुमी नाई. हे हापसंन."

जयवंता हापसू लागली. आधी नुसती हवा आली, मग गंजकं तांबूस पाणी आलं. ते वाहू दिलं. मग पाणी नितळ झालं, थंडगार. बिल्कीसने ओंजळ धरली. बाया बघत होत्या, झाडाखाली बसलेला भूमका बघत होता. ती प्यायली. एका घोटात उरकण्यासारखं ते पिणं नव्हतं. ओंजळीमागून ओंजळ, ती पीतच राहिली. नाकातून पाणी गेलं, ठसका लागला, पुन्हा ओंजळ धरली. बुरखा पुढून भिजला. त्याच्या वाटचं प्यायचं म्हटल्यावर घोटभराने कसं भागणार होतं?

मग तिने तोंड पुसलं आणि बायांकडे वळली.

"आता ऐका. हापशी पुन्हा बिघडंन. मिस्तरी येईन, हा नाई तर दुसरा. पाणी आलं की पयले त्याले पाजाचं. तुमच्या डोयासमोर पाजाचं. तो 'पिलो' म्हणंन, तर बिलकूल आयकाचं नाई. तांब्या त्याच्या तोंडाले लावाचा अन् घोट गयाखाली गेला का ते पाहाचं. मिस्तऱ्यानं सगळ्यायच्या मागून पियाचं, हे त्याच्या उस्तादाची रीत आजपासून बंद. समजलं?"

समजलं असावं. म्हातारीने मान हलवली, भूमक्यानेही हलवली. जयवंता म्हणाली, "पाजीन, बाई."

"जा मंग, गुंड आणा. का मीच भरू तुमचे?"

बाया घराकडे पळाल्या. तेवढ्यात बिल्कीसने छागल हापशीच्या तोंडाला लावली. वर्षभर वाळलेलं कापड ते, धार लावताच चहूकडून गळू लागलं.

"गळनच," नत्थुजी म्हणाला. "कापड भिजून फुगलं की आपोआप थांबते. अमरावतीपर्यंत किती राह्यते पाहू."

परतीच्या वाटेवर छागल तिने मांडीवर धरली होती. पाणी तिच्या पायांवर ठिबकत राहिलं. घाट उतरेपर्यंत ठिबकणं कमी झालं, परतवाड्यापर्यंत थांबलं. बिल्कीस डोळे मिटून पडली होती. ती थकली होती, पण आज तिला वर्षभराने काहीतरी काम केल्यासारखं वाटत होतं.

दानिशला फोन करून तिने कबरस्तानाच्या फाटकापाशी बोलावून घेतलं होतं. जीप पोचली तेव्हा ऊन कलत होतं आणि तो आधीच येऊन उभा होता. त्यांच्या मोहल्ल्यातल्या बायका फाटकाच्या आत जात नसत. तिने छागल त्याच्या हातात दिली.

"इचारलं?" दानिशने विचारलं.

"इचारलं. त्या बाईनं तांब्या नेला होता, बेटा. तुया अब्बानंच नाई घेतला. 'मायं झालं' म्हणे."

दानिश तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. त्यालाही ते वाक्य ठाऊक होतं. शाळेच्या सहलीला, सायकलीला, कॉलेजच्या फीला, कितीदा तरी त्याने ते ऐकलं होतं. त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. पुढे काही न विचारता तो आत गेला.

कबरस्तानाची भिंत बुटकी होती. तिच्यावरून बिल्कीसला दिसत होतं. तो कबरीपाशी उकिडवा बसला, हात उचलून दुवा मागितली. मग छागलेचं तोंड सोडलं आणि डोक्याकडून पायाकडे हळूहळू पाणी ओतलं. शेवटी छागल उलटी करून झटकली. मशिदीकडून अजानचा आवाज आला, तशी तिने ओढणी डोक्यावर घेतली.

दानिश बाहेर आला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"टाकलं?"

"टाकलं."

"सगळं?"

"सगळं."

"वर साचलं नाई ना?"

"कायचं साचते, अम्मी! मातीले भेगा पडल्या. टाकल्याबरोबर आत."

"पिले मंग," बिल्कीस म्हणाली. आणि रिकामी, ओली छागल हातात घेऊन ती घराकडे चालू लागली.